सॉफ्ट लॉकअप पुन्हा पुन्हा येतोय? कंसातल्या नावावर लगेच विश्वास ठेवू नका

‘वॉचडॉग: बग: सॉफ्ट लॉकअप – सीपीयू#३ स्टक फॉर २२एस!’ आणि पुढे कंसात कुठल्या तरी प्रोसेसचं नाव. लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाने ही ओळ, म्हणजे प्रोसेसरचा एखादा कोअर फार वेळ अडकून पडल्याचा कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) इशारा, कधी ना कधी पाहिलेली असते. मशीन थोडा वेळ अडखळतं, सगळ्यांचे एसएसएच सेशन गोठतात, मग आपोआप सुरळीत होतं. दोन दिवसांनी, साधारण त्याच वेळेला, तीच ओळ पुन्हा. अशा वेळी कुणीतरी हमखास सुचवतं की ‘वॉचडॉग_थ्रेश’ (इशाऱ्याची मर्यादा ठरवणारा आकडा) १० आहे तो ३० करा. केला की ओळ येणं बंद होतं, तिकीटही बंद होतं, आणि दुखणं होतं तिथेच राहतं. नंतर कधीतरी तोच सर्व्हर पूर्ण लटकतो तेव्हा लॉगमध्ये काहीच सापडत नाही, कारण बोंब मारणाऱ्याचं तोंड आपणच बांधलेलं असतं.

कंसातलं नाव फक्त एवढंच सांगतं की इशारा छापला त्या क्षणी त्या कोअरवर कोण होतं. कोअर कुणी अडवून धरला होता हे वेगळं शोधावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते दुसऱ्याच ठिकाणी सापडतं. ते शोधायचं कसं, ते पुढे लिहितो. त्याआधी हा वॉचडॉग नेमकं मोजतो काय, ते माहीत हवं. ते माहीत नसेल तर लॉग वाचणं म्हणजे अंदाजपंचे.

वॉचडॉग काय मोजतो

प्रत्येक कोअरवर कर्नल एक टायमर लावतो. ‘थ्रेश’ १० असेल तर हा टायमर दर ४ सेकंदांनी वाजतो (१० ची दुप्पट २०, तिचा पाचवा हिस्सा ४). तो वाजला की दोन गोष्टी होतात. एक, ‘मी वाजलो’ असा एक आकडा पुढे सरकतो. दोन, त्याच कोअरवरच्या ‘मायग्रेशन’ थ्रेडला एक छोटं काम दिलं जातं: येऊन वेळेचा शिक्का मारून जा. हा थ्रेड सगळ्यांत वरच्या प्राधान्याचा. त्यालासुद्धा कोअर मिळाला नाही, तर कर्नलमधलं काहीतरी कोअर सोडतच नाहीये असा अर्थ निघतो. टायमर दर वेळी मागचा शिक्का किती जुना आहे ते बघतो. तो २० च्या पुढे गेला की सॉफ्ट लॉकअपची ओळ छापली जाते.

मर्यादा २० आणि ओळीत मात्र नेहमी २२ किंवा २३, हे कोडं अनेकांना पडतं. कर्नल इथे नॅनोसेकंदांना १ अब्जाने भागत नाही, स्वस्तात पडतं म्हणून ३० बिट सरकवतो, म्हणजे २ च्या ३० व्या घाताने भागतो. त्यामुळे त्याचा ‘सेकंद’ आपल्या सेकंदापेक्षा सुमारे ७ टक्के मोठा असतो. विसाव्या सेकंदाच्या तपासणीत मर्यादा ओलांडलेली नसते, पुढची तपासणी थेट चोविसाव्या सेकंदाला. २४ भागिले १.०७ म्हणजे २२ आणि थोडं वर. म्हणून २२ दिसलं की ‘नेमका बाविसाव्या सेकंदाला काय झालं’ असं शोधत बसू नका; खरे २४ सेकंद गेलेले असतात. आणखी एक: २०२१ नंतरच्या कर्नलमध्ये कोअर अडकलेलाच राहिला तर पुढच्या ओळींमध्ये एकूण वेळ वाढत जाते. जुन्या कर्नलमध्ये दर वेळी पुन्हा २२-२३ च दिसायचे. तिथे एकापाठोपाठ आलेल्या पाच ओळी म्हणजे पाच घटना, असं समजू नका. बहुधा ती एकच लांबलेली घटना असते.

हार्ड लॉकअप हे याहून वाईट प्रकरण. तिथे कोअरने इंटरप्टच (टायमर, उपकरणं यांच्या हाका) बंद केलेले असतात, त्यामुळे टायमरही वाजत नाही. मग टायमरची हजेरी घेणार कोण? त्यासाठी प्रोसेसरच्या परफॉर्मन्स काउंटरवर एक इव्हेंट लावलेला असतो. ठरावीक सायकल झाल्या की, म्हणजे साधारण १० सेकंदांनी, तो अडवता न येणारा इंटरप्ट पाठवतो. यालाच आपण एनएमआय म्हणतो. एनएमआय येऊन पाहतो की मघाचा ‘मी वाजलो’ आकडा पुढे गेलाय का. गेला नसेल तर हार्ड लॉकअप.

हे दोन्ही आणि १२० सेकंदांची ‘टास्क ब्लॉक्ड’ ओळ एकाच पोत्यात टाकू नका. त्या तिसऱ्या ओळीत प्रोसेस झोपलेली असते, बहुधा डिस्क किंवा एनएफएसची (नेटवर्कवरच्या फाइलींची) वाट बघत. कोअर मोकळाच असतो. ती स्टोरेजवाल्यांकडे पाठवा. आरसीयू (कर्नलची लॉक न धरता वाचायची यंत्रणा) अडकल्याची, म्हणजे आरसीयू स्टॉलची ओळ (बहुतेक कर्नलमध्ये २१ सेकंद) मात्र सॉफ्ट लॉकअपचं सख्खं भावंड आहे. दोन्ही एकत्र आल्या तर एकच कारण समजून चाला.

आधी ठरवा: मशीन खरं आहे की व्हीएम

व्हीएम (होस्ट म्हणजे खऱ्या मशीनवर चालणारं आभासी मशीन, त्यालाच गेस्ट म्हणतात) असेल तर निम्म्याहून अधिक शोध इथेच संपतो, असा माझा अनुभव. होस्टवर गर्दी झाली आणि त्याने तुमच्या व्हर्च्युअल कोअरला अर्धा मिनिट खरा कोअर दिलाच नाही, तर गेस्टच्या दृष्टीने काळ पुढे सरकलेला असतो पण शिक्का मात्र जुनाच असतो. कोअर परत मिळाल्यावर आधी टायमर वाजतो, जुना शिक्का बघतो आणि बोंब ठोकतो. गेस्टच्या कर्नलने काहीच चुकीचं केलेलं नसतं. स्नॅपशॉट घेताना, लाइव्ह मायग्रेशन चालू असताना, रात्रीचे बॅकअप एकदम सुटतात तेव्हा हे घडतं. केव्हीएममध्ये (लिनक्सची व्हीएम चालवायची सोय) होस्टने व्हीएम रीतसर थांबवली तर तो तसं गेस्टला कळवू शकतो, आणि वॉचडॉग त्या वेळेकडे काणाडोळा करतो. पण होस्टवर नुसती गर्दी झाली तर कुणी काही कळवत नाही.

ओळखायचं कसं? दर वेळी कंसात वेगळंच नाव असतं, कित्येकदा ‘स्वॅपर’, म्हणजे रिकामा बसलेला कोअर. रिकामा कोअर २२ सेकंद अडकला म्हणजे काय झालं असेल, याचा क्षणभर विचार केला तरी उत्तर मिळतं. एकाच सेकंदाला तीन-चार कोअरच्या ओळी येतात आणि प्रत्येकाचा बॅकट्रेस (त्या क्षणी कुठली फंक्शन चालू होती त्याची यादी) भलत्याच, निरुपद्रवी फंक्शनमध्ये असतो. आसपास ‘टीएससी क्लॉकसोर्स अनस्टेबल’ किंवा क्रोनीने (वेळ जुळवणारा प्रोग्राम) घड्याळ एकदम पुढे ढकलल्याची नोंद सापडते. ‘टॉप’मधला ‘एसटी’ हा आकडा, म्हणजे स्टील टाइम (होस्टने कोअर न दिल्याने गेलेला वेळ), त्या काळात वर गेलेला दिसतो. तुमचं मॉनिटरिंग स्टील टाइम साठवत नसेल तर आजच सुरू करा. होस्टवाल्यांशी भांडताना तेवढाच पुरावा हातात असतो.

उपाय होस्टवर आहे: कोअरचं अतिवाटप कमी करणं, बॅकअपच्या वेळा वेगवेगळ्या ठेवणं, स्नॅपशॉट घेताना मेमरीचा स्नॅपशॉट टाळणं. ‘थ्रेश’ वाढवणं मला फक्त याच एका प्रकारात मान्य आहे, तेही स्टील टाइमचा आलेख समोर ठेवून. कमाल ६० चालतो, पण २० पुरे. आणि अशा व्हीएमवर ‘सॉफ्टलॉकअप_पॅनिक’ (सॉफ्ट लॉकअप दिसताच कर्नल पाडणारा पर्याय) १ कधीच ठेवू नका. होस्ट एकदा अडखळला की त्यावरचे सगळे गेस्ट एकसाथ पॅनिक होऊन रीबूट होतील, आणि इतके गेस्ट एकदम बूट होताना होस्टवर जी गर्दी होईल तिने उरलेसुरलेही जातील.

केव्हीएम गेस्टमध्ये हार्ड लॉकअपचा शोध मुळातच बंद असतो, हेही लक्षात असू द्या. ओळ आली नाही म्हणून हार्ड लॉकअप झाला नाही असं म्हणता येत नाही.

खरं मशीन, आणि बॅकट्रेसमध्ये स्पिनलॉक

आता मुख्य भाग. खऱ्या मशीनवर आठ-दहा कोअरच्या ओळी आल्या आहेत, आणि जवळपास सगळ्यांच्या बॅकट्रेसच्या टोकाला ‘नेटिव्ह_क्यूड_स्पिन_लॉक_स्लोपाथ’. नवखा माणूस लगेच हेच फंक्शन शोधायला लागतो आणि त्याला हजारो असंबद्ध बग रिपोर्ट सापडतात. हे फंक्शन म्हणजे स्पिनलॉकसाठी (एका वेळी एकानेच धरायचं कुलूप, बाकीचे कोअर अडवून वाट बघतात) लागलेली नुसती रांग. रांगेतले लोक ताटकळलेत म्हणून ओरडताहेत. खिडकीवर कोण बसलाय, ते बघायला हवं.

म्हणजे लॉक धरून बसलेला कोअर शोधायचा. कधी तोही ओरडलेला असतो, पण त्याची ओळ गर्दीत हरवते. सगळे बॅकट्रेस एका फाइलमध्ये घ्या, ज्यांच्या टोकाला हे स्लोपाथ आहे ते बाजूला काढा, उरेल तो संशयित. कुणीच उरला नाही तर घटना चालू असताना सिसआरक्यूचं (कर्नलला थेट हुकूम द्यायची सोय) ‘एल’ द्या. सगळ्या कामात असलेल्या कोअरचे बॅकट्रेस छापले जातात. सिसआरक्यू आधीपासून चालू ठेवायला हवं, ऐन वेळी नाही. ‘सॉफ्टलॉकअप_ऑल_सीपीयू_बॅकट्रेस’ १ केलं तर हेच आपोआप होतं, पण त्यात एक मेख आहे, ती पुढे सांगतो.

एक खरीखुरी मालिका सांगतो, कारण ती अनेक ठिकाणी दिसते. मशीनवर भरपूर मेमरी, महिनोनमहिने रीबूट नाही, आणि एखादं अ‍ॅप्लिकेशन एकाच डिरेक्टरीत सतत नसलेल्या फाइल शोधत असतं: तात्पुरती नावं, लॉक फाइल, कॅशच्या किल्ल्या. ‘ही फाइल नाही’ हे उत्तरही कर्नल लक्षात ठेवतो. याला निगेटिव्ह डेंट्री म्हणतात (डेंट्री म्हणजे कर्नलने लक्षात ठेवलेली फाइलच्या नावाची नोंद). मेमरीची चणचण नसेल तर त्या साफ होत नाहीत, साठत जातात, कोट्यवधींपर्यंत. मग कुणीतरी त्या डिरेक्टरीवर आयनोटिफायची (फाइलींतले बदल कळवणारी सोय) नजर बसवतं. लॉग गोळा करणारा एजंट असतो, नाहीतर सुरक्षेचा स्कॅनर. नजर बसवताना कर्नल त्या डिरेक्टरीखालच्या एकूण एक डेंट्रीवरून फिरतो आणि प्रत्येकीवर खूण करतो, आणि हे सगळं लॉक धरून. दहा-वीस हजार डेंट्री असतील तर कळतही नाही. काही कोटी असतील तर २० सेकंद सहज जातात. तेवढ्यात त्या डिरेक्टरीला हात लावणारी प्रत्येक प्रोसेस रांगेत येऊन फिरत राहते, आणि लॉगमध्ये नावं येतात ती डेटाबेस, वेब सर्व्हर, क्रॉन यांची. एजंटचं नाव एकदाच, मध्ये कुठेतरी.

तपासायला सोपं आहे. ‘/प्रॉक/सिस/एफएस/डेंट्री-स्टेट’ वाचा, ५.० पासूनच्या कर्नलमध्ये त्यातला पाचवा आकडा निगेटिव्ह डेंट्रींचा. तो कोटींमध्ये असेल आणि रोज चढत असेल तर रोग सापडला. ‘ड्रॉप_कॅशेस’मध्ये २ लिहून त्या झाडून टाकता येतात, पण कोट्यवधी डेंट्री झाडायलाही वेळ लागतो. भर दुपारी हे करू नका. कायमचा इलाज म्हणजे अ‍ॅप्लिकेशनची ती सवय बदलणं, नजर बसवायची जागा बदलणं, आणि वितरकाचा अद्ययावत कर्नल घेणं.

याच जातीची आणखी प्रकरणं आहेत: शेकडो जीबी मेमरी असलेली प्रोसेस मरताना पानं परत करण्याचा काळ, फायरवॉलचे प्रचंड नियमसंच, हजारो सीग्रुप (प्रोसेसचे गट) एकदम पुसणं. सगळ्यांत सूत्र एकच. कर्नलमध्ये एक लांबलचक लूप आहे आणि तो मध्ये थांबून ‘दुसऱ्या कुणाला कोअर हवाय का’ असं विचारत नाही. पूर्ण प्रीएम्प्शनच्या (चालू काम मध्येच थांबवू देणाऱ्या) कर्नलमध्ये असे लूप मधूनच तोडता येतात, लॉक धरलेला नसेल तर. सर्व्हरच्या कर्नलमध्ये बरेचदा ती सोय बंद असते आणि लूपमध्ये ‘कॉन्ड_रीशेड’ची हाक घालणं हाच उपाय असतो. अशा दुरुस्त्या कर्नलच्या बदलयाद्यांमध्ये सतत दिसतात. म्हणून बॅकट्रेसमधल्या लूपवाल्या फंक्शनचं नाव घेऊन वितरकाची बदलयादी चाळा. स्लोपाथचं नाव घेऊन चाळण्यात अर्थ नाही.

इंटरप्टचा मारा

कधी कंसात साधी, निष्पाप प्रोसेस असते आणि बॅकट्रेसमध्ये वरच्या बाजूला इंटरप्टचे थर दिसतात. तेव्हा ‘/प्रॉक/इंटरप्ट्स’ १० सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचा आणि वजाबाकी करा. एखाद्या ओळीत फरक लाखांत गेला की ते उपकरण सापडलं. बहुतेक वेळा नेटवर्क कार्ड, त्याच्या सगळ्या रांगा एकाच कोअरवर बांधलेल्या, आणि ‘आयआरक्यूबॅलन्स’ (इंटरप्ट वेगवेगळ्या कोअरना वाटणारी सेवा) कुणीतरी बंद केलेलं. २०२४ पासूनच्या कर्नलमध्ये हे काम सोपं झालंय. पर्याय चालू असेल तर लॉकअपच्या ओळीखालीच मागच्या काही खिडक्यांमध्ये कोअर किती टक्के सिस्टिम, सॉफ्टआयआरक्यू (इंटरप्टचं मागाहून केलेलं काम), हार्डआयआरक्यूमध्ये (प्रत्यक्ष इंटरप्टमध्ये) गेला ते छापून येतं. शंभर टक्के हार्डआयआरक्यू दिसलं तर प्रोसेसच्या नावाकडे बघूही नका.

सिरियल कन्सोल

मघाची मेख ही. सर्व्हरला सिरियल कन्सोल जोडलेला असतो आणि त्याचा वेग कुणी बघत नाही. ११५२०० बॉडवर सेकंदाला ११,५२० अक्षरं जातात. ९६०० वर फक्त ९६०. ६४ कोअरच्या मशीनवर सगळ्यांचे बॅकट्रेस, प्रत्येकी ३ केबी धरले, तर सुमारे १९० केबी मजकूर होतो. वेगवान कन्सोलवर तो जायला १७ सेकंद, आणि ९६०० वर तीन मिनिटांहून अधिक. छापणारा कोअर तेवढा वेळ तिथेच. सिरियल ड्रायव्हर छापताना वॉचडॉगला गप्प करत राहतो, पण त्याची वाट बघणाऱ्या इतर कोअरचं काय? म्हणजे लॉकअपचा रिपोर्टच पुढच्या लॉकअपचं कारण ठरतो. फायरवॉलने प्रत्येक टाकलेल्या पॅकेटची नोंद कन्सोलवर पाठवायची, हा याच रोगाचा अधिक सामान्य प्रकार. कन्सोलची लॉग-पातळी ४ किंवा त्याखाली आणा. नोंदी जर्नलमध्ये जातच असतात. ९६०० चा कन्सोल असेल तर सगळ्या कोअरचा बॅकट्रेस बंदच ठेवा आणि पुराव्यासाठी केडंप (कर्नल पडताना मेमरीची प्रत काढून ठेवणारी सोय) वापरा.

हार्ड लॉकअप येतच नाही, नुसता लटकतो

मशीन लटकतं, लॉगमध्ये शून्य. आधी बघा एनएमआय वॉचडॉग चालू तरी आहे का. तो परफॉर्मन्सचा एक हार्डवेअर काउंटर कायमचा व्यापतो, म्हणून वेग वाढवण्याच्या कित्येक मार्गदर्शिका तो बंद करायला सांगतात. पॉवरटॉपही वीज वाचवायला तेच सुचवतं. लॅपटॉपवर टीएलपी (हाही वीज वाचवणारा प्रोग्राम) असेल तर ते मुळातच बंद करून ठेवतं. बूटच्या वेळी ‘एनएमआय वॉचडॉग: एनेबल्ड’ ही ओळ दिसते का, आणि ‘/प्रॉक/इंटरप्ट्स’मधला एनएमआयचा आकडा हळूहळू वाढतो का, ते बघा. २०२३ च्या ६.५ पासून दुसरा मार्गही आहे: प्रत्येक कोअर शेजारच्या कोअरचा टायमर तपासतो, काउंटर लागत नाही. ज्या एआरएम मशीनवर एनएमआयची सोय धड नाही तिथे हा फार उपयोगी. सगळे कोअर एकदम अडकले तर मात्र बोलायला कुणी उरत नाही. नोहर्ट्झ_फुल (कोअरवरची नेहमीची टिक थांबवणारा पर्याय) लावून बाजूला काढलेल्या कोअरवर वॉचडॉग मुळातच बसत नाही, तेही तपासा.

वॉचडॉग चालू असूनही शांतता असेल तर फर्मवेअरकडे बोट जातं. सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्ट (एसएमआय) आला की प्रोसेसर कर्नलच्या हातातून पूर्ण जातो, एनएमआयसुद्धा तेवढा वेळ थांबतो. टर्बोस्टॅटमध्ये (प्रोसेसरचे आकडे दाखवणारं साधन) एसएमआयचा रकाना असतो. तो आकडा पळत असेल, किंवा ट्रेसिंगमधला ‘एचडब्ल्यूलॅट’ मोठे खड्डे दाखवत असेल, तर बायोस अद्ययावत करा आणि मशीन-चेकच्या नोंदी हार्डवेअरवाल्यांसमोर ठेवा. लॉग डिस्कवर पोहोचण्याआधीच मशीन जात असेल तर नेटकन्सोल (लॉग नेटवर्कवर पाठवतो) किंवा पीस्टोअर (लॉग रीबूटनंतरही टिकवतो) लावा.

काहीजण सिस्टिमडीचा हार्डवेअर वॉचडॉग चालू आहे म्हणून निर्धास्त असतात. तो वेगळा प्राणी. सिस्टिमडी कुठल्याही एका जिवंत कोअरवर धावत असेल तर हार्डवेअर वॉचडॉगला वेळेवर थाप मिळत राहते, मग बाकीचे कोअर अडकलेले का असेनात.

शेवटचा पुरावा

एवढं करूनही सापडलं नाही तर खऱ्या मशीनवर ‘सॉफ्टलॉकअप_पॅनिक’ आणि ‘हार्डलॉकअप_पॅनिक’ दोन्ही १ करा, केडंप लावा, आणि पुढच्या घटनेची वाट बघा. एका रीबूटच्या बदल्यात पूर्ण मेमरीचा डंप मिळतो. ‘क्रॅश’मध्ये (डंप वाचायचं साधन) ‘बीटी -ए’ दिला की प्रत्येक कोअर त्या क्षणी कुठे होता ते स्थिर दिसतं, आणि लॉकच्या पत्त्यावरून तो कुणाकडे आहे तेही बहुधा काढता येतं. जिवंत मशीनवर तासन्‌तास जे सापडत नाही ते इथे चहा संपायच्या आत सापडतं. डंप येईपर्यंत ‘टेंटेड’चा (कर्नलवर पडलेल्या डागांची नोंद) आकडा बघून ठेवा, त्यात १६३८४ मिसळलेला असेल तर या बूटमध्ये सॉफ्ट लॉकअप होऊन गेलाय, लॉग फिरून गेले असले तरी.

केडंप लावला म्हणजे डंप येईलच असं नाही. चाचणीच्या मशीनवर एलकेडीटीएम (कर्नल मुद्दाम पाडून बघायचं) मॉड्यूल चढवा आणि त्याच्या ‘डायरेक्ट’ फाइलमध्ये ‘सॉफ्टलॉकअप’ लिहा. कोअर मुद्दाम अडकतो, साधारण २४ सेकंदांत ओळ यायला हवी, मग पॅनिक, मग ‘/व्हार/क्रॅश’मध्ये फाइल. नंतर ‘हार्डलॉकअप’ लिहून तेच पुन्हा. फाइल अर्धवट आली किंवा आलीच नाही तर ‘क्रॅशकर्नल’ची राखीव मेमरी कमी पडतेय, ती वाढवून पुन्हा चाचणी घ्या, आणि मगच प्रॉडक्शनवर पॅनिक चालू करा.